जळगाव ते धुळे, अर्धा तास

हवालदार सुकलाल पावरा, तालुका शिरपूर. आधी हे नाव लिहितो. पुढचं जे काही माझ्या हातून झालं, ते त्यांनी शिकवलं म्हणून झालं.

मी धरणगावचा. आठवीनंतर शाळा सोडली आणि फौजेत कुक म्हणून लागलो. पूर्वेकडच्या डोंगरात आमची पोस्ट. चौदा माणसं, एक हेलिपॅड. रेडिओ आणि हेलिपॅड सुकलालभाऊंकडे. स्वयंपाक उरकला की ते मला रेडिओजवळ बसवायचे.

"जळगावच्या विमानतळावरून धुळ्याची धावपट्टी. किती वेळ?"

"अडीच तास."

"इमान पारोळाले चहा पेवाले थांबस का रे?"

मी ओशाळलो. यष्टीशिवाय दुसरा हिशेब मला माहीत नव्हता. भाऊंनी समजावलं : सरळ रेषेत साधारण नव्वद किलोमीटर. आपलं हेलिकॉप्टर ताशी एकशे ऐंशी. म्हणजे अर्धा तास. बेसपासून आमची पोस्टही तेवढीच लांब, म्हणून हाच दाखला त्यांनी माझ्याकडून घोटून घेतला. चुकलो की म्हणायचे, "जाय, लसूण सोल."

एके दिवशी सव्वाबाराला पोस्टच्या वाटेवर दरड कोसळली. सिपाही गुरुंगचा पाय चिरडला. भाऊंच्या छातीवर दगड आला. दोघांना हेलिपॅडवर आणलं. सुभेदारसाहेब अडकलेल्यांना काढत होते. हेलिपॅडवरच रेडिओ घेऊन मी.

तेरा वीसला हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरला जागा एकच.

भाऊ गुरुंगकडे बघून म्हणाले, "आधी त्याले धाड. मी थांबस."

तेरा पंचवीसला ते उडालं. लगेच पायलटनं रेडिओवर हिंदीत विचारलं. "दुसरी फेरी जमेल? दरी कधी बंद होते? ओव्हर."

दरी रोज तीनच्या सुमाराला ढगांनी भरायची. जायला अर्धा तास, बेसवर दहा मिनिटं, यायला अर्धा तास. मी चुकलो तर पायलटही ढगात अडकणार. मी रेडिओचं बटण दाबलं.

"चौदा पस्तीसला पोचाल, सर. दरी पंधराशेपर्यंत उघडी. या. ओव्हर."

"कौन बोल रहा है?"

"कुक, सर."

"रॉजर, कुक. आ रहा हूँ."

चौदा छत्तीसला हेलिकॉप्टर टेकलं. पट्टे आवळताना भाऊंनी डोळे उघडले.

"एक मिनिट लेट व्हयना."

चौदा चाळीसला हेलिकॉप्टर त्यांना घेऊन उडालं. पंधरा मिनिटांत दरी मिटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेसच्या हॉस्पिटलात भाऊ गेले. गुरुंग वाचला. एक पाय कृत्रिम आहे, पण चालतो, मुलीला शाळेत सोडायला जातो. पायलटनी नंतर ऑफिसर्स मेसमध्ये सांगितलं म्हणे, त्या पोस्टच्या कुकनं टायमिंग दिलं होतं. ऐकून अभिमान वाटला, पण मान भाऊंचा होता.

आता मी रिटायर आहे. पूर्वेकडच्या त्याच डोंगराळ भागातल्या एका विमानतळावर गार्डची नोकरी करतो. भाऊंचे वडील, आबा, सातपुड्याच्या पायथ्याला एकटे राहतात. फोनवर मला एकच विचारतात, "माले ती जागा दाखाडशी का?"

रजा मिळत नाही, आबांचे गुडघे चालत नाहीत. तरी एक दिवस त्यांना त्या हेलिपॅडवर नेईन. लागलं तर पाठीवर घेऊन चढेन. भाऊंचं एवढं तरी मी फेडणार.