अक्षरं बांधायची राहिली

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आपली पणजी बोलायची कशी?" म्हणून हे आत्ता लिहिते आहे. मला आठवतंय तोवर.

नव्वदच्या दशकात तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, कोकणातून एक हिवाळा आमच्याकडे कुवेतला राहिल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या आणि मी आमच्या पहिल्या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करायची. "माजां बोलणां ह्या पेटयेत भरतंस काय गो? मगे माका खंय ठेवतलंस?" म्हणजे, मग मला कुठे ठेवशील? असं म्हणून स्वतःच हसायच्या. नऊ गोष्टी झाल्या. पुढच्या वर्षी सासूबाई वारल्या.

काही वर्षांनी तो कॉम्प्युटर इतका मंदावला की सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. तुमच्या आजोबांनी ठरवलं, पेटी तीच ठेवायची, आत मेमरी, मोठी डिस्क आणि नवं विंडोज घालायचं. काय काय नव्या डिस्कवर न्यायचं याची यादी मी केली. फोटो, पत्रं, आजोबांच्या ऑफिसचे कागद, नऊ गोष्टी. कुवेतच्या हवल्ली भागातल्या दुकानात केरळी कारागिराने विचारलं, "मॅडम, पुरानी डिस्क में और कुछ रखना है?" यादीवर सगळीकडे खुणा झाल्या होत्या. मी म्हटलं, "नहीं, साफ कर दीजिए."

घरी येऊन पहिली गोष्ट उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यांखाली लाल रेघा. त्या चिन्हांना मराठी अक्षरांचं रूप देणारा फॉन्ट पुसलेल्या जुन्या डिस्कवरच राहिला होता. घर बदलताना अक्षरं वेगळी बांधायची असतात, हे मला सुचलंच नव्हतं. त्याहून वाईट पुढे केलं. लाल रेघ म्हणजे चूक, ती सुधारायची, ही माझी इंग्रजी शाळेतली सवय. मला वाटलं, कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो आहे. तो सुचवेल तो इंग्रजी शब्द स्वीकारत गेले आणि सेव्ह केलं. अशा दोन गोष्टी झाल्यावर आजोबा मागे येऊन उभे राहिले.

"अगं, हे काय करतेस?"

"नीट करतेय."

"थांब. हात काढ आधी."

आम्हाला पूर्वी त्या फॉन्टची फ्लॉपी देणारे, कुवेतच्याच रुमैथिया भागातले स्नेही कधीच नाशिकला परतले होते. त्यांच्याकडेही ती उरली नव्हती. मग मी वही घेतली. तिसऱ्या गोष्टीची सुरुवात मला पाठ होती. तिच्यावरून कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता केला आणि दोन महिने बसून एकेक ओळ उलगडली.

पहिल्या दोन मात्र उलगडेनात. तिथे माझ्या हाताने मूळ चिन्हांच्या जागी खरेखुरे इंग्रजी शब्द आले होते, एकमेकांशी अर्थ न लागणारे. दुसरी गोष्ट आजोबांच्या जन्माची होती, पावसात होडीतून सुईणीला आणल्याची.

"नेमकी माझीच?" ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मला आठवेल तेवढं त्यांना सांगितलं, पण ते माझ्या शब्दांत होतं, त्यांच्या आईच्या नव्हे.

सात गोष्टी शिल्लक आहेत, आणि ती तक्त्याची वही.