नंदनच्या घरची रंगपंचमी

दादाचा फोन आला तेव्हा मी धारच्या घरी मेथी निवडत बसले होते. घरात मराठीच बोलायची, हा दादाचाच नियम. देवासच्या बाजारात तो माळवीत झकास घासाघीस करेल, पण उंबरठ्याच्या आत हिंदी शब्द आला की याच्या कपाळाला आठ्या. त्या सकाळी मात्र तो मला म्हणाला, "नंदन नहीं रहा." हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी ज्या शब्दांत त्याला सांगितलं, तेच शब्द त्याने जसेच्या तसे मला दिले. मराठीत ते सांगायला त्याची जीभ वळेना... अजूनही वळलेली नाही.

नंदन माझा भाचा, दादा-वहिनींचा एकुलता एक. आमच्यासारख्या जुन्या घरांत मुलं आईला आई म्हणत नाहीत, काका-आत्या जी हाक मारतात तीच उचलतात. त्यामुळे नंदनच्या लेखी त्याची आई म्हणजे वहिनी. वैमानिक झाला त्या दिवशी संचलन संपल्यावर साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी त्याने हाक मारली होती, "वहिनी, लाडू आणलेस ना?" मित्र बघतच राहिले. मी त्याची आत्याबाई. सुट्टी लागली की तो धारला माझ्याकडे यायचा. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, म्हणजे माझ्या घरी सुट्टीतही पाढ्यांपासून सुटका नाही. हा पठ्ठ्या पाढे बुडवून तलावावर जायचा, आणि परत आल्यावर मी तोंड उघडण्याआधीच एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून दाखवायचा. रागवायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती त्याने.

पुढे त्याने हेलिकॉप्टर निवडलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. मला वाटलं होतं, आमचा नंदन ढग फाडत जाणारं लढाऊ विमान चालवणार. मी म्हटलं, हे तर आमच्या छताच्या पंख्यासारखं घरघर करतं. त्याला राग यायचाच नाही. म्हणाला, "आत्याबाई, आम्ही जातो तिथे कुणीतरी आमची वाट बघत बसलेलं असतं." हे मला कळायला लढाई यावी लागली. उंचावरच्या ठाण्यांवरून जखमी जवानांना खाली आणायचं त्याचं काम होतं. त्या दिवशीही एक खेप पोचवून तो उरलेल्यांना आणायला पुन्हा वर निघाला आणि वाटेत त्याचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्याच्याबरोबर काम केलेले एक अधिकारी घरी येऊन गेले. आधीच्या खेपेत आणलेले सगळे जवान जगले, असं त्यांनी सांगितलं. चौकातल्या शोकसभेत बरीच भाषणं झाली, ती मी विसरले. हे एक वाक्य मी जपून ठेवलंय.

त्याची बायको पूनम सरदारपूरची, माळवी घरातली. लग्न ठरलं तेव्हा वहिनींनी बरेच दिवस अबोला धरला होता. पण पोरगी चिवट. मराठी शिकली ती थेट सासूकडून, देवघरात आणि स्वयंपाकघरात. त्यामुळे आजही ती आमच्या आजीसारखी "येत्ये हो", "करत्ये" असं बोलते. नंदन गल्लीतल्या एखाद्या भावाला माळवीत हाक मारावी तसा तिला चिडवायचा, "भिया, मी बायको आणली की पणजी?" आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. या घरात वहिनींना आई म्हणणारी पूनम पहिलीच.

नंदन गेला आणि ती बोलायचीच थांबली. फिक्या साड्या नेसायला लागली. तसं तिला कुणीही सांगितलं नव्हतं, पण नको असंही कुणी म्हटलं नाही. देवासच्या एका शाळेने तिला जूनपासून शिकवायला बोलावलं होतं, त्यावर तिने हो-नाही काहीच कळवलं नव्हतं. रंगपंचमीला तिची आई तिला माहेरी न्यायला येणार, असं ठरलं, म्हणून मीही देवासला येऊन राहिले होते. तिकडे मागची खोली तिच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. ती एकदा त्या खोलीत गेली की तिथलीच होणार, हे आम्हाला दिसत होतं. पण राहा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, रंग नाही. माळव्यातली रीत उलटी. ज्या घरी गमी झाली, तिथेच लोक मुद्दाम गुलाल घेऊन जातात, घरच्यांना बोटभर लावतात, म्हणजे ते घर पुन्हा चारचौघांत येतं. वहिनींनी सकाळीच बजावलं होतं, यंदा दार उघडायचं नाही. पण विहीणबाईच ताट घेऊन दारात उभ्या राहिल्यावर करता काय! त्यांनी दादाला टिळा लावला, वहिनींना लावला, मला लावला. पूनमसमोर आल्यावर मात्र सख्ख्या आईचा हात अडखळला. डोळे पुसत त्या आपल्या विहिणीला म्हणाल्या, "इसको नहीं लगाते, ब्याणजी."

वहिनींनी ताट ओढून घेतलं आणि मूठभर गुलाल पूनमच्या दोन्ही गालांना, कपाळाला, केसांना फासला. "नंदनने हिला कधी कोरडी ठेवली नसती," त्या म्हणाल्या. पूनम त्यांच्या गळ्यात पडून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने. मग आत गेली. नंदनचं कपाट तोवर कुणी उघडलं नव्हतं. बाहेर आली तेव्हा साडीवर त्याचा जुना सदरा चढवलेला, दरवर्षी रंग खेळायला तो घालायचा तो, डागांनी भरलेला. "आई, मी जरा गल्लीत जाऊन येत्ये हो," म्हणाली आणि गेली.

विहीणबाई संध्याकाळी एकट्याच परत गेल्या. शाळेला पूनमने होकार कळवलाय. दुसऱ्या दिवशी तो सदरा न धुताच, रंगासकट दोरीवर वाळत होता. मी सवयीने तो भिजवायला घेतला, तर वहिनींनी माझ्या हातून काढून घेतला, झटकला आणि नीट घडी करून नंदनच्या कपाटात ठेवला.

"धुऊ नका, वन्सं," त्या म्हणाल्या. "पुढच्या पंचमीला लागेल तिला."