दोन विहिणींची बंद दाराआडची बैठक

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी मी झोपेत केली.

(झोपेत बडबडले नाही हो. सरळ झोपले!)

पाळी जायच्या वयात माझी आधी झोप गेली. रात्री अंगातून अशा वाफा निघायच्या, की ऐन थंडीत मी कूलर लावायची. आमचे हे दोन गोधड्यांतून ओरडायचे, "मला काय कोल्ड स्टोरेजमधली मोसंबी समजून राह्यलीस का?" (पण कूलरमध्ये पाणी तेच भरायचे. गुणाचा माणूस!) दिवसा मात्र मी बसल्या जागी डुलायची.

अशातच भोकरदनहून पाहुणे आले. मुलगा लेकीला मनापासून आवडलेला. अडलं होतं एकच. त्याच्या वडिलांना लग्न मोठ्या लॉनवर हवं होतं आणि आम्हाला ते झेपणारं नव्हतं. यांची पाहुण्यांपुढे जीभ वळत नाही, म्हणून नकार मी द्यायचा होता.

"आई, आज तेवढी जागी राहा गं!" लेकीनं हात जोडले.

पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "लॉनबिगर जमायचं न्हाई बगा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घोरले!

"ध्यान लावून बसती ती कधीकधी," हे घाईनं म्हणाले. लेक रडायच्या बेतात.

मुलाची आई ताडकन उठली. मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, पंखा पाचवर केला.

"ताई, पाळीचंच हाय ना? मला बी रातरात डोळा न्हाई. सरका तिकडं!"

आणि आम्ही दोघी पलंगावर आडव्या झालो. काय झोप लागली म्हणून सांगू!

बाहेरचं लेकीनं नंतर सांगितलं.

"लई वेळ झाला हो. बिलकुल आवाज न्हाई!" हे म्हणाले.

मुलाच्या वडिलांना घाम फुटला. "आमची गप्प झाली की मंग माझं काही खरं नसतं. लॉन ऱ्हाऊ द्या, तुमच्या दारातच मांडव टाकू."

"आन् मानपान?"

"त्यो बी नको! जल्दी साखर वाटा, त्या भायेर यायच्या आत!"

आम्ही डोळे चोळत दार उघडलं, तर लग्न ठरलेलं! लेकीला अशी सासू मिळाली, म्हणून मी रोज देवापुढे हात जोडते.

आता नात्यात कुणाची बोलणी अडली, की "तुम्हीच या, तुमच्यापुढं कुणाचं चालत न्हाई" म्हणून मला बोलावणं येतं. मीही जाते. फक्त उशी माझी मी नेते.