नरहरी मास्तरांच्या चार ओळी

बीडच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे नरहरी मास्तर वहीत ‘व्हेरी’ दिसला की कागद फाटेस्तोवर खोडायचे. ‘मोस्ट’ दिसला तर वहीच भिरकावायचे. “लई गरम म्हनू नका. हात भाजला म्हना,” हे त्यांचं रोजचं पालुपद. मी शेजारच्या वर्गातला उर्दूचा मुन्शी. मला माणूस तऱ्हेवाईक वाटायचा.

निजामाच्या राज्यात अर्ज म्हणजे आधी अर्धा कागद साहेबाची थोरवी. ती नसली तर उद्धटपणा समजत. मी त्यातच मुरलेला. जवळच्या नेकनूर गावाला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली तेव्हा मास्तरांची थोरली बहीण तिथं होती. त्यांनी हैदराबादच्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाला इंग्रजीत चारच ओळी लिहिल्या. आठवड्यात नऊ माणसं गेली. विहीर एकच आहे. डॉक्टर नाही. औषध पाठवा. माझं अक्षर चांगलं म्हणून नक्कल करून टपालात टाकायला सांगितलं आणि ते नेकनूरला गेले.

मला तो कागद उघडाबोडका वाटला. एवढ्या मोठ्या साहेबाला असं लिहितात का? मी शब्दकोश काढला. साहेब ‘मोस्ट’ दयाळू झाला, पटकी ‘एक्स्ट्रीमली’ भयंकर झाली, गाव ‘व्हेरी व्हेरी’ दीन झालं. चार ओळींची दोन पानं झाली आणि मी खूश झालो.

उत्तर आलं. या भागातले अर्ज नेहमी फुगवलेले असतात, आधी तहसीलदारानं खात्री करावी. खात्री व्हायला तीन आठवडे लागले. औषध पोचलं तेव्हा मास्तरांची बहीण नव्हती.

परतल्यावर त्यांनी माझा कच्चा खर्डा मागून वाचला. आता भिरकावतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी घडी घालून तो माझ्या हातात दिला. “खोटं न्हाई लिव्हलं तुमी, मुन्शीजी. लई लिव्हलं.” पुन्हा ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्या साहेबाचा मला आजही संताप येतो. त्यानं माझे शब्द तोलले, नऊ मेलेली माणसं त्याला दिसली नाहीत. माझाही येतो. किती, ते लिहीत नाही.

मास्तर वारले तेव्हा दुखवट्याचा ठराव माझ्याकडे आला. हेडमास्तरांना त्यात ‘अत्यंत’ आणि ‘अतीव’ हवं होतं. मी त्यांच्याशी भांडलो आणि लिहिलं, ‘नरहरी मास्तर वारले. नेकनूरचं औषध माझ्यामुळे उशिरा पोचलं.’ हेडमास्तरांनी दुसरं वाक्य खोडलं. मी ते पुन्हा लिहिलं.