ओळख पटवणाऱ्या मॅडम

“तू कोण हे मला माहीत आहे. मशीनला माहीत आहे का?” चष्मा कपाळावर सरकवून आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅडम विचारायच्या. साखर कारखान्यात मी काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं, कारकून होतो. पासवर्ड विसरून त्यांच्यापुढं उभं राहायची पाळी माझ्यावर इतक्यांदा आली, की शेवटी ते वाक्य त्यांच्याआधी मीच म्हणायचो. त्या हसायच्या, पण पासवर्ड नवा घ्यायलाच लावायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मॅडम सांगलीहून रोज एसटीनं कडेगावच्या बाजूला आमच्या कारखान्यावर येत. कंडक्टर ओळखीचा, मान हलवून पुढं जायचा. या त्याला परत बोलावून पास दाखवायच्या.

“आवं मॅडम, रोज बघतोय की तुमास्नी.”

“मला बघू नका, पास बघा.”

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. सोबतीला जरा जड जातं, पण गावाला जाताना घराची किल्ली आपण त्याच्याकडेच ठेवतो.

काटा आणि ऑफिस यांच्यामधला रस्ता ट्रॅक्टरांचा. केबल दर हंगामात तुटायची. मॅडमनी अध्यक्षांच्या मागं लागून वायरलेस बसवून घेतलं. काट्यावर वजन झालं की ते हवेतून थेट ऑफिसच्या सर्व्हरमध्ये जायचं. तसलं यंत्र आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. “हवेतून जातंय म्हणजे वाटेत कुणीही हात घालणार,” म्हणून मॅडमनी नियम घातले. सर्व्हरनं रोज सकाळी त्या दिवसापुरतं एक प्रमाणपत्र, म्हणजे स्वतःचं ओळखपत्रच, काढायचं, काट्याच्या कॉम्प्युटरनं ते तपासायचं आणि ओळख पटली तरच वजन पाठवायचं. शेतकऱ्याच्या वजनात कुणी फेरफार करू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

आणि तो रोज सकाळी अडायचा. प्रमाणपत्र नामंजूर. आम्ही चहा पिऊन आलो की आपोआप मंजूर. यंत्राला थंडी बाधते असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. एकानं तर त्यावर पोतंही पांघरलं. मॅडमनी एरियल बदललं, नियम एकेक करून तपासले. पण तोवर सगळं सुरळीत व्हायचं. “दुखणं सापडायच्या आत बरं होतंय मेलं,” म्हणून त्या चरफडायच्या.

मग संचालक मंडळ हे वायरलेस बघायला आलं. नेमकं त्या दिवशी चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी नामंजूरच. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. एक म्हातारा गाडीवान खिडकीशी आला. “बाई, तुमचं हवेतलं ऱ्हाऊ द्या. माजा ऊस वाळाय लागलाय.”

मॅडमचा चेहरा उतरला. सगळ्या मंडळासमोर त्यांनी मला सांगितलं, “हातानं पावत्या कर. गाड्या सोड.”

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, ती ओळखबिळख काढून टाका. नुसतं चालू करा, न्हाईतर यंत्र उतरवा.”

“उतरवते,” मॅडम म्हणाल्या. “पण दार सताड उघडं ठेवून लोकांची वजनं हवेत सोडणार नाही. जेवणापर्यंत वेळ द्या.”

त्या पुन्हा पुन्हा नवं प्रमाणपत्र काढत राहिल्या. मी पावत्या करत होतो. यंत्र उतरलं तर मॅडमही राहणार नाहीत, हे मला दिसत होतं. एवढ्यात ऑफिसचे अधीक्षक लगबगीनं आले. “चला साहेब, पानं वाढलीत.”

“इतक्यात?” मी मनगटावरचं घड्याळ बघून म्हणालो.

मॅडमचा हात थांबला. “तुमच्या ऑफिसात किती वाजले?”

अधीक्षकांनी कौतुकानं सांगितलं. लोक वेळेवर यावेत म्हणून भिंतीवरचं घड्याळ ते नेहमीच थोडं पुढं ठेवत. आज मंडळ येणार म्हणून आणखी पुढं सरकवलं होतं. आणि लोक कॉम्प्युटरकडं बोट दाखवून हुज्जत घालतात, म्हणून सर्व्हरचं घड्याळही ते भिंतीशी जुळवून ठेवत.

प्रमाणपत्र कधीपासून लागू, हे त्याच्यावर नोंदलेलं असतं. ऑफिसचं घड्याळ पुढं, काट्याचं बरोबर. त्यामुळं काट्याच्या लेखी ते अजून लागूच झालेलं नसायचं. आमचा चहा होईतो ती वेळ भरायची. त्या दिवशी मात्र मॅडम सारखं नवं काढत होत्या, आणि दर वेळी वाट बघणं पहिल्यापासून सुरू होत होतं.

त्यांनी सर्व्हरची वेळ बरोबर केली, प्रमाणपत्र काढलं आणि पुढच्या गाडीचं वजन गेलं. अध्यक्षांनी अधीक्षकांकडं वळून बघितलं. अधीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चूक माझी,” मॅडम म्हणाल्या. “घड्याळाला कुणीही हात लावू शकत होतं. तो नियम घालायचा माझ्याकडून राहिला.”

स्वतःचं काम पणाला लागलेलं असताना इतकं सरळ बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ही बाई आमच्या कारखान्याची, याचा मला अजून अभिमान वाटतो. यंत्र राहिलं, तपासणीही राहिली. पुढं दुसऱ्या कारखान्यांची माणसं ते बघायला आली की मी खुर्ची सोडून उठायचो आणि सांगायचो, आमच्या मॅडमनी बसवलंय.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ आटोपून, हातात शाल आणि नारळ घेऊन त्या काट्यावर आल्या. “जरा ऊठ,” म्हणाल्या. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला. प्रवेश नामंजूर.

मी गडबडलो. “मॅडम, कायतरी चुकलंय. थांबा, बघतो.”

“काही चुकलं नाही. सकाळी मीच काढलं माझं नाव.” त्यांनी पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली. डोळे भरले होते, पण हसत होत्या. “बरोबर चाललंय,” म्हणाल्या आणि उठल्या. “घे पुढची गाडी. माणसं खोळंबलीत.”