टपालबाईचे दोन सर्व्हर

माझ्या धाकट्या बहिणीला कारखान्यात टपालबाई म्हणत. कागदी टपालाशी तिचा संबंध नव्हता. कारखान्याची ईमेल ज्या मशिनांवरून येते-जाते, ती मशिनं ती सांभाळायची. मी तिथंच पाइप फिटर होतो. त्यामुळे वाटेत कोणी ना कोणी मला अडवायचं. "फिटर, तुमच्या बहिणीने माझी मेल गिळली बघा." मी सांगायचो, नळ गळत असेल तर मला सांगा, मेल गळत असेल तर तिला.

कारखान्याचे दोन भाग. जुना गावात, नवा नदीपलीकडे. दोन्हीकडे एकेक सर्व्हर. एकीकडे आलेली मेल लगेच दुसरीकडे उमटली पाहिजे, म्हणजे एक मशीन बसलं तरी दुसऱ्यावर काम चालतं. याला ती रेप्लिकेशन म्हणायची. मी म्हटलं, पाइपने जोडलेल्या दोन टाक्या, पातळी सारखी राहिली की झालं. ती म्हणाली, "नाही दादा. पाणी कुठलंही चालतं. इथं प्रत्येक थेंब नावानिशी पोचावा लागतो."

नवरा वारल्यावर कारखान्यातली नोकरी तिला दिराने लावून दिली. तेव्हा तो तिथं कारकून होता, नंतर व्यवस्थापक झाला. ती लागली टायपिंगला. मशिनांच्या खोलीत गारठा आणि दिवसभर पंख्यांची घरघर, तिथं बसायला कोणी तयार होईना. ती स्वेटर घालून बसली. पुस्तकं वाचून, मशिनं उघडून, चुकत चुकत शिकली. शिकता शिकता चष्मा लागला. दीर घरी आला की हसत विचारायचा, "वहिनी, तुम्हाला इथं चिकटवलं कोणी?" दर वेळी विचारायचा. दर वेळी तिला "तुम्हीच, भावजी" म्हणावं लागायचं.

मग रेप्लिकेशन बिघडलं. स्टोअरवाला सकाळी जुन्या भागात एखादी मेल वाचायचा आणि दुपारी नव्या भागात जाऊन उघडायला गेला की ती तिथं नसायची. पडद्यावर मात्र सगळं हिरवं. तिने दोन भागांमधली लाइन तपासली. डिस्कवर जागा आहे का पाहिलं. दोन्ही मशिनांची घड्याळं जुळवली. कशातच खोट नव्हती. तेव्हा ती एकेक माणसाचं खातं उघडून बसली. तिथं सापडलं. काही खात्यांत एखादी मेल अर्धीच लिहिली गेली होती. कॉपी तिथवर यायची, अडायची, पुन्हा पहिल्यापासून निघायची आणि तिथंच अडायची. मागचं सगळं तुंबलेलं. एवढं मलाही कळलं. मी आयुष्यभर हेच काढत आलो.

एका रविवारी दीर आला. पाय पसरून बसला.

"वहिनी, वरचे लोक कटकट करतायत. म्हणतात, मेलचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाका. बाई जुनी, मशिनं जुनी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, आमच्या वहिनी आहेत तोवर चिंता नाही. तुम्ही फक्त दोन्ही बाजू जुळवून द्या. मग तुमच्या खोलीला कोणी हात लावत नाही. माझा शब्द."

तिचा चेहरा उजळला. त्याने पुढे अक्कल शिकवली. "एवढं काय कोरत बसता? तिकडचं सगळं पुसा आणि इकडचं नव्याने चढवा. एका दुपारचं काम."

"तिकडं आलेली आणि इकडं न पोचलेली मेल आहे, भावजी. ती पुसली तर कुठून आणू?"

"कोणाला कळतंय?"

"ज्याची मेल, त्याला."

त्यानंतर तिने जे काम केलं ते मी पाहिलं आहे. एक खातं घ्यायचं. दोन्हीकडची मेल शेजारी शेजारी लावायची. तुटकी मेल सापडेपर्यंत खाली खाली जायचं. ती बाजूला काढायची, अडलेलं पुढं सोडायचं, सगळं पोचल्याची खात्री करायची आणि मगच पुढच्या खात्याला हात लावायचा. मी जड कामं केली, पण माझं काम संध्याकाळी डोळ्यांना दिसायचं. तिचं दिसत नव्हतं, आणि वर दुरुस्त केलेल्या खात्यात पुन्हा नवी तुटकी मेल निघायची.

"दादा, मी फरशी पुसतेय आणि नळ उघडाच आहे," ती म्हणाली.

नळ तिनेच शोधला. तुटक्या मेल सगळ्या नव्या भागातल्या होत्या आणि सगळ्या दुपारच्या चहाच्या सुमाराच्या. तिथलं मशीन लिहिता लिहिता बंद पडत असणार. वीज गेली तरी बॅटरीवर ते चालायला हवं, म्हणजे बॅटरी मेली असेल. तिने आपल्या खोलीतली जादा बॅटरी घेतली. ती धोंड्यासारखी जड, म्हणून उचलायला मला नेलं.

नव्या भागाचा वॉचमन मला ओळखत होता. "या फिटरमामा! नळ बघायला आलात?"

"तो नळ मी बसवलाय. त्याला बघायला लागत नाही."

मशिनांची खोली म्हणजे जिन्याखालची कोंदट जागा. तिने बॅटरी तपासली. ठणठणीत. बदलायचं कारणच नव्हतं. तिने स्टूल ओढलं आणि चहाच्या वेळेची वाट बघत बसली. मी दाराशी उभा.

दुपारी वॉचमन विजेची भलीमोठी किटली घेऊन आत आला. मशिनामागे हात घातला, बॅटरीच्या लाल सॉकेटात प्लग खोचला. जरा वेळ किटली गुणगुणली. मग बॅटरीला तो भार झेपेना, खट्ट झालं आणि मशिनाचे पंखे थांबले. त्याने सवयीने प्लग उपटला. थोड्या वेळाने पंखे आपले आपण फिरू लागले.

"घाबरू नका बाई, येतं परत," तो म्हणाला. "छोटी किटली चालते. पाहुणे जास्त असले की मोठी लावावी लागते, तेव्हा जरा असं होतं."

"इथंच का लावता?"

"बाहेर लाइट जाते हो. या सॉकेटची कधीच जात नाही."

चूक काढायला जागा नव्हती. त्याच्या बाजूने बरोबरच होतं.

"कोण पाहुणे?" तिने विचारलं.

"ते बाहेरच्या कंपनीचे. मेल तिकडं हलवायची ना, त्याआधी सगळं बघून जातात. साहेबांनी बजावलंय, त्यांच्या चहात कमी पडायला नको." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला तर माहीतच असेल. घरचेच साहेब."

"हो," ती म्हणाली. तिने लाल सॉकेटावर चिकटपट्टी लावली, एकावर एक, आणि उठली.

परतीच्या बसमध्ये बॅटरी माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, "झालं तेवढं पुरे. तुंबलंय ते तुंबू दे. त्यांना धड कॉपी मिळाली नाही तर तुझे पाय धरतील."

"आणि लोकांची मेल?"

"लोक आले तुझ्यासाठी धावून?"

"त्यांना माहीत तरी आहे का, दादा?"

दुसऱ्या दिवशी ती दिराच्या केबिनमध्ये गेली. त्याने नाकारलं नाही. निर्णय कधीच झाला होता. मेल हलवायला दोन्हीकडचं जुळलेलं हवं होतं आणि ते जुळवणारं दुसरं कोणी नव्हतं. "वहिनी, मी आधीच सांगणार होतो," तो म्हणाला, "पण वरच्यांना म्हटलं, वहिनींना कळलं तर त्या काम अर्धवट टाकतील."

नोकरी जाणार हे तिने घरी येऊन सरळ सांगितलं. दिराचं ते शेवटचं वाक्य मात्र तिने दोनदा सांगितलं. "मी अर्धवट टाकीन म्हणाला. मी."

आणि तिने काम पुरं केलं. मी चिडलो, बोलणं टाकलं. मी असतो तर निदान एक जोड सैल ठेवून आलो असतो. तिने शेवटचं खातं जुळवलं, पुन्हा सगळी खाती पहिल्यापासून पडताळली. एकही मेल गेली नाही. स्टोअरवाल्याने पुढं मला सांगितलं, मेल आता आपोआप नीट झाली, मशिनांचं असंच असतं.

बाहेरच्या कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला तेव्हा तिच्यावर खूश झाला. "बाई, इतकी स्वच्छ कॉपी कुठं मिळत नाही. आम्ही या कामाला दोन महिने धरले होते. पंधरा दिवसांत उरकेल." उरलेले दिवस तिच्याच नोकरीचे होते. तेवढे तिने स्वतःच्या हातांनी कापले होते. तिची खोली रिकामी झाली. आता तिथं मोडक्या खुर्च्या ठेवतात. दोन-तीन ठिकाणी ती विचारून आली. काम काय येतं हे विचारण्याआधी वय विचारतात.

दीर आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मी तिथंच बसलो होतो. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. घरी आलेल्या माणसाला ठेवतात तसा.

"वहिनी, राग नाही ना?" त्याने कप उचलता उचलता विचारलं.

"आहे."

तो हसला, माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

"अहो, माझ्या हातात काय होतं?"

"सांगणं होतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"हेच. पुरं केलं असतं."

त्याने कप खाली ठेवला. तिने तो उचलला, भरलेला, आणि आत जाऊन मोरीत ओतला. आम्हा दोघांनाही ऐकू आलं.