करवलीचं जर्नल

या वर्षी माझ्या भाचीला पनवेलच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. मी शिकले त्याच कॉलेजात. तेव्हापासून आमच्या विचुंब्याच्या घरात जो येतो तो सल्ला देऊन जातो. दादा म्हणतो पहिल्या बाकावर बस, वहिनी म्हणते मोबाईल बॅगेत ठेव, आई म्हणते डबा संपवत जा. कॉलेजची पायरी कधी न चढलेले शेजारचे एक गृहस्थही अर्धा तास मार्गदर्शन करून गेले. शेवटी भाची माझ्याकडे वळली, तेव्हा मी कपाटातून माझं पहिल्या वर्षाचं केमिस्ट्रीचं जर्नल काढून तिच्यासमोर ठेवलं. त्यातले चार प्रयोग फक्त दोन तारखांना झालेत आणि दोन्हींपुढे वार शनिवार लिहिलाय, हे तिच्या लगेच लक्षात आलं.

मी कॉलेजात गेले तेव्हा रागीट होते. आजही आहे, पण तेव्हा राग वाया घालवायचे. कामोठ्याची, नवीन पनवेलची मुलं क्लासमध्ये सगळं आधीच शिकून यायची. मी वर्गात एकदाच उत्तर दिलं, त्यात तोंडून 'नाय' निघालं आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. झालं. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. काही अडलं तरी विचारायचं नाही, असा बाणा बाळगला. त्या बाण्याने हसणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही.

घरात वेगळंच टांगणीला लागलेलं होतं. आमच्या भावकीत मुलीने बारावीनंतर शिकायची ती पहिलीच वेळ. मोठ्या काकांचा विरोध होता. बाबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "एक वरीस बगू. पास झाली तं पुढं, नाय तं नाय." म्हणजे ते एक वर्ष गेलं असतं तर माझं कॉलेजही गेलं असतं.

आणि मी नेमकं तेच वर्ष घालवायला निघाले होते. प्रॅक्टिकल सोमवारी सकाळी असायचं आणि लग्नसराईत आमच्याकडच्या हळदी रविवारी. आमच्या गावात हळद म्हणजे चार बायकांनी बोटं लावून घरी जायचा प्रकार नाही. सगळं गाव मांडवात असतं, धवलारणी लग्नविधीची गाणी म्हणतात, मग पोरं पहाटेपर्यंत नाचतात, आणि भावकीतली मुलगी दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी तिच्या आईला जाब द्यावा लागतो. असे लागोपाठ चार सोमवार बुडाले. चौथी हळद तर माझ्या सख्ख्या दादाची. करवली मीच होते. दादाला हळद माखून माखून माझे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

त्या आठवड्याच्या शेवटी वर्गातल्या मुलीकडून कळलं, की जर्नलमधले सगळे प्रयोग पूर्ण होऊन त्यावर प्रॅक्टिकलच्या मॅडमची सही असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, आणि सह्या पंधरा दिवसांनी. तरी मॅडमकडे जाऊन खरं सांगावं, हे काही सुचलं नाही. ठाण्याहून येणाऱ्या मॅडमना हळद काय कळणार, असं मीच ठरवून टाकलं. मग मी माझ्या मते फार हुशारीचं काम केलं. आजारपणाचा अर्ज लिहिला. हात पिवळे होतेच, म्हणून आजार निवडला कावीळ! अर्ज इंग्रजीत होता. बाबांनी विचारलं, "कशाचा हाय?" मी म्हटलं, "कॉलेजचा." त्यांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली. आज इतक्या वर्षांनीही ती सही आठवली की मला माझी लाज वाटते.

सोमवारी अर्ज बॅगेत घालून मी प्रयोगशाळेत गेले. तास संपल्यावर मॅडमना द्यायचा होता. त्या दिवशी टायट्रेशन होतं. माझ्या ब्युरेटचा, म्हणजे काचेच्या उभ्या मापनळीचा, कॉक गळका होता आणि त्यातला कॉस्टिक सोडा माझ्या बोटांवर ओघळला. नखांच्या कडेची पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. मी घाबरून बेसिनकडे धावले आणि साबण लावला, तशी ती आणखीच लाल झाली. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरीलाही ठाऊक असतं. केमिस्ट्री शिकणाऱ्या मला ते आठवलं नाही.

बेसिनजवळ लॅबवाले काका काचेची भांडी विसळत होते. प्रयोगशाळेतले मदतनीस, उलव्याकडचे, खाकी शर्ट, फारसे बोलायचे नाहीत. त्यांनी माझी बोटं पाहिली आणि हळूच विचारलं, "कोनाची हलद व्हती?"

"भावाची," मी बोलून गेले.

"आनि सकालपासून सारखी बॅगंकडं बगतेस, तिच्यात काय हाय?"

आमच्याच बोलीत विचारलं म्हणून असेल, मी खरं सांगून टाकलं. त्यांनी अर्ज बघायला मागितला नाही. एवढंच म्हणाले, "कावीळ साबनानं लाल नाय व्हत, बाय. मी मॅडमना काय सांगाचा नाय. तूच सांग. पन आजच सांग."

मी सांगितलं. रडत सांगितलं, आणि घाईत सगळं घरच्या भाषेतच सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी अर्ज फाडायला लावला, मग बोलणीही खाल्ली मी चांगली. शेवटी म्हणाल्या, "दोन शनिवार दुपारी येऊन चारही प्रयोग स्वतः करायचे. पण शनिवारी लॅब अर्धा दिवस असते. उघडी ठेवायला कोणी थांबणार असेल तर."

काका मागूनच म्हणाले, "मी थांबतो की."

ते दोन्ही शनिवार संध्याकाळपर्यंत थांबले. त्यांची नेहमीची एसटी चुकायची, तरी त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मला पिपेट नीट धरता येत नव्हती, ती त्यांनी शिकवली. रीडिंग घेताना "डोलं खाली आन, पान्याच्या रेगंला" म्हणून दहा वेळा वाकायला लावलं. एक उत्तर चुकलं तेव्हा मी वर्गातल्या मुलीकडून मागून आणलेल्या वहीतला आकडा उतरवायला निघाले, तर वही मिटून म्हणाले, "आला तो लिव. नाय तं परत कर." मी परत केलं. आज तळोज्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माझ्या सहीने माल पास होतो, त्यामागे ती मिटलेली वही आहे, असं मी मनापासून मानते.

जर्नलवर सही झाली त्या दिवशी मी काकांसाठी पेढे घेऊन गेले. त्यांनी एक पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. मग म्हणाले, "माजी पोर पन याच कॉलेजात व्हती. तिची बी जर्नलं राह्यली व्हती. लाजली, कोनाला इचारलंच नाय. घरी बसली ती बसली. आनि मी ह्याच इमारतीत कामाला व्हतो."

मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

मी पास झाले. बाबांनी विरोध करणाऱ्या मोठ्या काकांच्या घरी स्वतः जाऊन पेढे दिले, आणि पुढचं शिक्षण कोणी अडवलं नाही. ज्या दादाला मी ती हळद लावली, त्याचीच ही लेक. तिला मी म्हटलं, माझा सल्ला एकच. अडलं की त्याच दिवशी विचारायचं. मॅडमना विचार, आणि ज्यांच्याकडे लॅबची किल्ली असते त्यांना तर आधी विचार. लाज वाटली तर लाजत विचार, पण विचार.

भाचीने सगळं नीट ऐकून घेतलं. जर्नल मिटलं आणि म्हणाली, "आत्या, मग काकांच्या मुलीचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. त्यानंतर दोन वर्षं मी त्याच प्रयोगशाळेत होते, काका रोज समोर होते, आणि मी एकदाही विचारलं नाही. आधी धीर झाला नाही, मग परीक्षा आल्या, मग काका निवृत्त झाले. एवढं उपकाराचं ओझं घेऊन फिरले, आणि त्यांच्या दुःखाची साधी चौकशी केली नाही.

रविवारी आम्ही दोघी उलव्याला जाणार आहोत. तिकडे आता टॉवरच टॉवर उभे राहिलेत, आणि त्यांचं घर कुठे आहे ते मला ठाऊक नाही. भाची म्हणते, विचारत विचारत जाऊ.